शाळेच्या लॅपटॉपची तारीख सारखी मागे जाते? आधी किती मागे गेली ते मोजा

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. शाळा भरून दोन-तीन दिवस झालेले असतात, उन्हाळाभर कोंडलेले लॅपटॉप कपाटातून निघालेले असतात आणि पलीकडून कोणीतरी सर म्हणतात, "भाऊ, तारीख परत मांगे गयी." दिवाळीची सुट्टी संपली की पुन्हा तेच. तारीख नीट करून दिली तर आठ-पंधरा दिवसांत परत फोन.

मी दुरुस्तीवाला नाही. चोपडा तालुक्यात गणित शिकवतो. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा नाद आहे, म्हणून आसपासच्या शाळांना सरकारी योजनेतून मिळालेले, उबुंटू किंवा बॉस (ही दोन्ही लिनक्सचीच रूपं) घातलेले लॅपटॉप फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. हे एकच दुखणं इतक्यांदा पाहिलंय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. आज्ञा फोनवर सांगतो तशाच उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची.

तक्रार तारखेची असतेच असं नाही. कोणी म्हणतं, नेट चालू आहे पण एकही साइट उघडत नाही. कोणी म्हणतं, अपडेट होत नाही. कोणाकडे सुरू करताच काळी स्क्रीन येते. एका मॅडमची तक्रार होती की मुलींनी काढलेली चित्रं गायब झाली. चारही ठिकाणी मी पहिला प्रश्न एकच विचारला: वर कोपऱ्यात तारीख काय दिसतेय? चारही ठिकाणी चुकलेली निघाली.

हे माहीत नसलं की काय होतं ते सांगतो. एका शाळेने तीन लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात नेले. दुकानदाराने कपाळाला आठ्या घालून निदान केलं, "हे लिनक्समुळे होतं." सगळं पुसून त्यावर कुठूनतरी उतरवलेलं विंडोज टाकून दिलं, पाचशे-पाचशे रुपये घेतले. मुलांचं वर्षभराचं काम त्यात गेलं. नेटला जोडलेले होते तोवर लॅपटॉप बरोबर वेळ दाखवत होते. सुट्टी लागली, बंद झाले, आणि उघडले तेव्हा तारीख जिथल्या तिथे मागे. कारण दुखणं सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच, ते नाण्याएवढ्या एका सेलमध्ये होतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाने अशी बोटं मोडली जातात तेव्हा मला खरंच राग येतो.

घड्याळ दोन असतात

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, आरटीसी म्हणतात त्याला. लॅपटॉप बंद असतानाही ते चालू राहतं. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच्यासाठी एक गोल सेल असतो, सहसा सीआर२०३२, ३ व्होल्टचा. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुसरं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमचं. सुरू होताना ती आरटीसीकडून एकदा वेळ विचारून घेते आणि पुढे स्वतःच मोजत राहते. नेट मिळालं की बाहेरच्या वेळेशी ताडून पाहते.

म्हणजे चूक आरटीसीत आहे, की ती वाचण्यात, की ताडण्यात, हे कळल्याशिवाय इलाज करण्यात अर्थ नाही. आणि ते कळायला स्क्रू उघडावा लागत नाही. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'टाइमडेटसीटीएल' एवढा एकच शब्द, सगळी अक्षरं जोडून, टाइप करा. पाच-सात ओळी येतात. त्यातल्या तीन बघायच्या: लोकल टाइम, आरटीसी टाइम आणि टाइम झोन. शेजारी हातातलं घड्याळ धरा आणि फरक वहीत लिहा. दुरुस्त करायची घाई करू नका. दुरुस्त केलं की पुरावा गेला.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर

मग सेलला हात लावू नका, तो ठणठणीत आहे. साडेपाच तास हा भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांतला फरक. लॅपटॉप साडेपाच तास मागे असेल तर टाइम झोन लावायचा राहून गेलाय. सेटिंगमध्ये जाऊन कोलकाता निवडलं की काम झालं. लिनक्समध्ये साडेपाच तास पुढे असेल, तर त्याच लॅपटॉपवर विंडोजही आहे आणि कोणीतरी मधे ते चालवलंय.

दोघांचं भांडण असं आहे. लिनक्स आरटीसीमध्ये जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं. सकाळी अकराला विंडोजने आरटीसीत ११ लिहिले. तासाभराने लिनक्स सुरू केलं, त्याला तिथे १२ दिसले. ते समजलं ही जागतिक वेळ, त्यात साडेपाच मिळवले, आणि दुपारच्या खिचडीच्या वेळेला लॅपटॉप संध्याकाळचे साडेपाच दाखवायला लागला. उलट बाजूने विंडोज पहाटेची वेळ दाखवतं. खोटं कोणीच बोलत नाही, फक्त एकाच वहीत दोघं आपापल्या हिशोबाने लिहितात.

योजनेच्या लॅपटॉपमध्ये हे जोडपं नवं नाही. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले, त्यात विंडोजच्या जोडीला सी-डॅकचं बॉस होतं. केरळच्या शाळांना काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली प्रणाली देते. लॅपटॉपवर तेवढी एकच असली तर हे भांडण उद्भवतच नाही. आपल्याकडे मात्र देणाऱ्याने एक दिलेलं असतं आणि शाळेने शेजारी दुसरं बसवलेलं असतं.

इलाज एका ओळीचा आहे. लिनक्समध्ये 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'. मधल्या दोन आडव्या रेघा विसरायच्या नाहीत. यानंतर 'टाइमडेटसीटीएल' दिलं की खाली इंग्रजीत एक लांबलचक इशारा दिसतो, त्याने घाबरू नका. तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सारणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, बदल करूनही हे जमतं, पण शाळेच्या लॅपटॉपवर रजिस्ट्री उघडून बसणं मला पटत नाही. आणि लॅपटॉपवर एकटं लिनक्सच असेल तर ही आज्ञा देऊच नका.

इथे एक गंमत. एका शाळेतून फोन आला, "सगळेच लॅपटॉप अर्धा तास पुढे आहेत, मुलांनी सिद्ध केलंय." मुलांनी पटांगणात काठी रोवून सावली मोजली होती. सर्वांत आखूड सावली बाराला पडायला हवी होती, ती पडली साडेबाराच्या आसपास. लॅपटॉप बरोबर होते, मुलंही बरोबर होती. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्या खानदेशात सूर्य सरासरी २८ मिनिटं उशिराच डोक्यावर येतो. त्या दिवशी दुरुस्ती काहीच केली नाही, तास मात्र छान झाला.

फरक वर्षांचा असेल तर

लॅपटॉप २०१२ किंवा त्याहून मागची तारीख दाखवत असेल तर सेल संपला. आरटीसीला वीज मिळाली नाही, ते कारखान्यातल्या आरंभीच्या तारखेवर जाऊन बसलं. सुरू होताना 'सीमॉस चेकसम एरर' किंवा 'प्रेस एफ वन टू कंटिन्यू' असं दिसत असेल तर खात्रीच. काही जुन्या लॅपटॉपमध्ये सेलबरोबर बायोसची (लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) बाकीची सेटिंगही जातात, सिस्टिम कुठे शोधायची तो बूटचा क्रम बदलतो आणि 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' येतं. सिस्टिम उडालेली नसते, तिला शोधायचा पत्ता हरवलेला असतो. अशा वेळी नव्याने इन्स्टॉल करायला बसू नका.

पण अलीकडच्या उबुंटूवर एक चकवा आहे, आणि याच चकव्यात मी स्वतः पहिल्यांदा फसलो. तारीख २०१२ ची दिसत नाही. ३० एप्रिलला कपाटात ठेवलेला लॅपटॉप १५ जूनला उघडला तर तो ३० एप्रिलच दाखवतो. सर म्हणतात, घड्याळ बंद पडलं होतं, आता चालू झालंय, म्हणजे सेल ठीक असेल. तसं नसतं. सिस्टिमडी-टाइमसिंकडी नावाची सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर लिहून ठेवते. सुरू होताना आरटीसी त्याहूनही मागचं काही सांगायला लागलं तर ती आपली लिहिलेली वेळ धरते. सेल मेलेलाच असतो, फक्त मढं झाकलेलं असतं. 'टाइमडेटसीटीएल'च्या ओळींत हे उघडं पडतं: लोकल टाइम ३० एप्रिल, आणि आरटीसी टाइम दहा-बारा वर्षांपूर्वीची. म्हणूनच म्हणतो, कोपऱ्यातली तारीख बघून निदान करू नका.

सेल एवढ्या लवकर का मरतात याचं उत्तर आपल्या हवेत आणि कपाटात आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मोठी बॅटरी भरलेली असेल तोवर आरटीसी तिच्यावर चालतं, सेलवर ताण पडत नाही. शाळेत काय होतं? मोठी बॅटरी फुगली म्हणून काढून ठेवलेली, किंवा सुट्टीआधी पूर्ण उतरलेली. दीड महिना सगळा भार गोल सेलवर. त्यात भुसावळ-जळगावचा मे महिना, ४५ अंश, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. उष्णतेने सेल आपोआपही झिजतो. सुट्टीआधी मोठी बॅटरी निम्मी भरून ठेवा आणि लॅपटॉप त्या कपाटातून काढून आतल्या खोलीत, उन्हाच्या भिंतीपासून लांब ठेवा. ज्या दोन शाळांनी हे ऐकलं त्यांचे जूनमधले फोन खूप कमी झाले.

सेल बदलणं अवघड नाही, पण आधी वॉरंटी बघा. चालू असेल तर स्क्रू फिरवू नका, पुरवठादाराकडे लेखी तक्रार द्या. संपलेली असेल तर मुख्याध्यापकांना सांगून, डेडस्टॉक रजिस्टरमधला नंबर लिहून घेऊनच उघडा. उद्या तपासणीत प्रश्न आला तर कागद असावा. अॅडॅप्टर काढा, मोठी बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. तळाचं झाकण उघडल्यावर सेल दोनपैकी एका रूपात दिसेल: नुसता खाचेत बसवलेला, नाहीतर काळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेला, दोन बारीक वायरी आणि टोकाला इवलासा जोड असलेला. वायरींना धरून ओढू नका, जोडाला नखाने हळूच ढकला. मल्टिमीटर असेल तर व्होल्ट बघा. नवा सेल तीनच्या जरा वर दाखवतो. पावणेतीनच्या खाली उतरलेला मी ठेवत नाही.

खाचेतला सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायरवाला मात्र लॅपटॉपचे सुटे भाग विकणाऱ्याकडूनच घ्यावा लागतो, आणि घेताना जुना सोबत न्या, कारण जोडाचे आकार वेगळे असतात. जुन्याच्या वायरी कापून नव्या सेलवर थेट डाख देणारे कारागीर आहेत. तसं करू देऊ नका, तापवलेला लिथियमचा सेल फुटू शकतो. आणि एक गोष्ट शाळेत कायम लक्षात ठेवायची: काढलेला सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते. मी जुने सेल चिकटपट्टीत गुंडाळून डबीत घालतो आणि डबी खिशात ठेवतो.

बदलल्यावर आधी बायोसमध्ये शिरून तारीख आणि वेळ लावा. कुठे एफ-टू, कुठे एफ-टेन, कुठे डिलीट. सुरू होताना पहिल्या स्क्रीनवर लिहिलेलं असतं. एकटं लिनक्स असेल तर बायोसमध्ये आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून लावायचे, नाहीतर वरचंच भांडण पुन्हा सुरू.

सेल चांगला, तरी तारीख मागेच

याला मी हाताने ओढवलेलं दुखणं म्हणतो. कोणीतरी शिकलेलं असतं की 'सुडो डेट' देऊन तारीख बदलता येते. येते, पण ती फक्त चालू सिस्टिमच्या घड्याळात. आरटीसीला पत्ताच नसतो. बंद केलं की गेलं. त्याऐवजी सेटिंगमधल्या तारीख-वेळेच्या पानावर 'आपोआप' बंद करून हाताने वेळ लावा, किंवा 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइम' वापरा. दोन्हींत आरटीसीतही नोंद होते. 'डेट' वापरलंच असेल तर मागोमाग 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक', मग दोन रेघा आणि 'सिसटोहॉक' हे अक्षरशः एस-वाय-एस-टी-ओ-एच-सी असं टाइप करा. नाव विचित्र आहे, काम चोख आहे.

आता त्या वेषांतर केलेल्या तक्रारी

साइट न उघडणं. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर एसटीच्या पाससारखं 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' लिहिलेलं असतं. बऱ्याच साइट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची ९० दिवसांची प्रमाणपत्रं वापरतात. लॅपटॉप ३० एप्रिलमध्ये अडकला आणि पास मेमध्ये निघालेला असला, तर ब्राउझरच्या मते हा पास अजून सुरूच झालेला नाही. तो अडवतो, ते बरोबरच करतो. 'अॅडव्हान्स्ड' दाबून पुढे जायला मुलांना शिकवू नका. आज घड्याळामुळे दाबतील, उद्या खऱ्या फसवणुकीच्या साइटवरही त्याच सवयीने दाबतील. अपडेटही यामुळेच अडतं. 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' असं वाक्य दिसलं की सॉफ्टवेअरचे स्रोत बदलत बसू नका, तारीख बघा.

नेट आहे तर वेळ आपोआप जुळायला हवी, हे खरं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मिनिटभरात जुळतेही. जुळत नसेल तर शाळेचं वायफाय आधी लॉगिनचं पान मागतंय का बघा, किंवा त्यावर १२३ नंबरचा पोर्ट बंद असेल. वेळ त्याच वाटेने येते.

काळी स्क्रीन. बिझीबॉक्स असं लिहिलेलं, खाली कंसात 'इनिटरामएफएस' आणि लुकलुकणारी रेघ. वर कुठेतरी 'सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर' ही ओळ असेल तर हायसं वाटून घ्या. डिस्क म्हणतेय, मला शेवटचं उघडलं ती तारीख तर अजून यायचीय, हा काय प्रकार? जुन्या आवृत्त्या इथेच अडून बसतात. लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये तारीख लावा, पुष्कळदा तेवढ्यावर सुरळीत सुरू होतो. नाहीच झाला तर त्या स्क्रीनवर डिस्कच्या ज्या विभाजनाचं (पार्टिशनचं) नाव दिलंय त्यावर 'एफएससीके' ही डिस्क तपासणारी आज्ञा चालवा, 'वाय' या पर्यायासह. पण ती ओळ नसेल आणि 'इनपुट आउटपुट एरर' दिसत असेल तर डिस्कच आजारी आहे. तो वेगळा विषय, आधी मुलांचं काम दुसरीकडे काढून घ्या.

आणि चित्रं. टक्स पेंट हा मुलांचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम चित्राच्या फाइलला नाव देतो तेच मुळी तारीख आणि वेळ जोडून. लॅपटॉप २०१२ मध्ये असताना काढलेली मोराची चित्रं २०१२ च्या नावाने साठली आणि भलत्याच क्रमाने जाऊन बसली. मॅडम शेवटच्या पानावर शोधत होत्या. मुलीने आपला मोर पहिल्या रांगेत ओळखला आणि माझ्याकडे असं पाहिलं की तूच लपवला होतास.

धडगावच्या वरच्या पाड्यावरच्या शाळेत हॉटस्पॉटचाही उपयोग नाही, रेंजच नाही. तिथे दहा लॅपटॉप. आठांत सेल बदलले. त्यातल्या एकावर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवून त्याला बाकीच्यांचा घड्याळवाला केलं. नेट नसलेल्या एका साध्या राउटरवरून सगळे त्यालाच वेळ विचारतात. सर दर सोमवारी स्वतःच्या घड्याळावरून त्या एकाचीच वेळ तपासतात. उरलेल्या दोघांत सेल बोर्डालाच डाखलेला निघाला, मी हात लावला नाही. राउटर चालू असला तर तेही वेळ विचारून घेतात, पण पाड्यावरच्या विजेचा भरवसा नाही. म्हणून सातवीतल्या एका मुलीने त्या दोन्हींच्या झाकणावर कागद चिकटवून ठेवलाय: "पहिले टाइम लाव, मग उघड."